पेन्सिलीचा रकाना

आमच्या पक्षिमंडळाची एक नोंदवही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याच्या दुकानात उधारी मांडायला असते तसली. डाव्या कडेला पक्ष्याचं नाव, मग ‘पहिले दर्शन’, मग ‘जास्तीत जास्त संख्या’ आणि अगदी उजवीकडे ‘शेवटचे दर्शन’. आधीचे रकाने पेनाने भरायचे, शेवटचा पेन्सिलीने. हा नियम सरांचा. सर म्हणजे मंडळातले सर्वांत जुने सभासद, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. त्यांच्या घरीसुद्धा काकू ‘सर, चहा’ असंच म्हणतात.

वही माझ्याकडे आली त्याला बारा वर्षं झाली. बँकेत काम करणारी बाई आहे, हिशेब नीट ठेवेल, एवढाच काय तो निकष. आणि मी ठेवलाही नीट. फक्त एक गोम होती. शेवटचा रकाना मी कधीच भरला नव्हता. बँकेत मार्च म्हणजे इयर एंडिंग. रजा मागायची सोय नाही. रविवारी घरी असलेच तर झोपायला. त्यामुळे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या सगळ्या सहली माझ्या आणि मार्चच्या सरांच्या. एप्रिलमध्ये मी वही मागून घ्यायचे तेव्हा उजवीकडचा रकाना सरांच्या बारीक, तिरक्या अक्षरात भरलेला असायचा. पक्षी येताना मी हजर, जाताना गैरहजर.

गेल्या ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. इकडे सरांचे गुडघे गेले. होडीत चढता-उतरताना आता दोघांनी धरावं लागतं आणि ते त्यांना चालत नाही. त्यामुळे यंदाचा मार्च माझ्याकडे आला.

उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणला जायचं म्हटलं की डिसेंबरात दोन गाड्या भरतात. शिवाय चार-पाच जण प्रतीक्षा यादीत. मार्चच्या पहिल्या रविवारी मात्र हडपसरच्या पेट्रोल पंपावर पहाटे पावणेपाचला आम्ही मोजून नऊ जण होतो. कोणाच्या मुलाची दहावी, कोणाला ऊन सोसत नाही आणि बाकीच्यांचं म्हणणं, आता काय उरलंय तिथं? ट्रॅव्हलरच्या मागच्या बाकांवर माणसांऐवजी पिशव्या बसल्या. नऊमध्ये तीन कॅमेरेवाले, एक नवीन लग्न झालेलं जोडपं (त्यातली मुलगी पक्षी बघायला आलेली आणि मुलगा मुलीला बघायला), आमचे एक डॉक्टर, जे दर सहलीला दुर्बीण घरी विसरतात, आणि बाकी माझ्यासारखे यादीवाले. कॅमेरेवाले आणि यादीवाले यांच्यात आमच्याकडे जुनं भावकीचं भांडण आहे. एकाच बांधावर राहायचं, पण पटत नाही.

सोलापूर रस्त्यावर त्या वेळेला उसाच्या ट्रॉल्यांचं राज्य असतं. मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. यवत मागे पडलं तशी एक उलट्या दिशेने जाणारी ट्रक दिसली. त्यात ऊस नव्हता. पत्रे, बांबू, गोधड्या, एक सायकल, कोंबड्यांचा खुराडा आणि वर माणसं. कुठल्यातरी साखर कारखान्याचा पट्टा लवकर पडला असावा, म्हणजे हंगाम संपला असावा, आणि ऊसतोडणीची टोळी परत निघाली असावी. दसरा-दिवाळीला यायचं आणि पाडव्याच्या आसपास परतायचं. गाडीतलं कोणीतरी लगेच म्हणालं, हे पण स्थलांतरितच की. मला ती उपमा नको वाटली. पक्ष्याला आगाऊ घेतलेली उचल फेडायची नसते.

भिगवणच्या अलीकडे उजाडलं. एका टपरीवर चहा घेताना शेजारच्या रानात ज्वारी काढून पेंढ्या रचलेल्या दिसत होत्या, एक तुकडा अजून उभा होता. त्या उभ्या तुकड्यावर पक्ष्यांचा थवा असा उतरला की वरून कोणी काळी-गुलाबी चादर झटकून अंथरावी. भोरड्या. पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या माळरानांवर त्यांची वीण होते आणि पावसाळा सरता सरता त्या आपल्याकडे यायला लागतात. टपरीवाल्या आजोबांनी एक शिवी हासडली. म्हणाले, “पहाटेपासून गोफण घेऊन पोरगं माळ्यावर बसतंय तवा कुठं पोटाला उरतंय.” आमच्यातली नवी मुलगी हरखून म्हणाली, “पळसमैना! किती सुंदर!” दोघंही एकाच पक्ष्याबद्दल बोलत होते. शिवारात उतरली की ती भोरडी, आणि पळस-पांगाऱ्यावर मध प्यायला बसली की पळसमैना. नाव कुठलं घ्यायचं ते ज्वारी कोणाची आहे यावर ठरतं.

पण त्या थव्यातल्या नरांकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. डिसेंबरात ते मळकट दिसतात, धुतलेल्या-न धुतलेल्या बनियनसारखे. आता मात्र गुलाबी अगदी गुलाबी आणि काळं झळाळणारं काळं, डोक्यावर तुरा. मला वाटलं होतं नवीन पिसं येत असतील. सरांनी मागे कधीतरी सांगितलेलं आठवलं. नवी नाहीत, जुनीच. शरद ऋतूत आलेल्या पिसांना फिकट कडा असतात. हिवाळाभर त्या कडा झिजतात आणि खालचा खरा रंग उघडा पडतो. झिजून उजळलेले कपडे घालून हे लोक लग्नाला निघाले होते.

कुंभारगावला होड्या लागतात. आमचा नावाडी ठरलेला आहे. चाळिशीचा गडी, बारीक, बोलायला मोजका. त्याच्याबद्दल आमच्या मंडळात एक किस्सा सांगतात, तो मी स्वतः अनुभवलाय. आम्ही शहरातले लोक पुस्तकं वाचून वाचून मराठी नावं पाठ करून जातो. होडीतून एक रुंद चोचीचं बदक दिसलं, मी म्हणाले, “थापट्या.” त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. “नाही मॅडम, नॉर्दन शॉव्हेलर.” मी म्हटलं, अहो तेच ते. तो म्हणाला, असेल. पुढे मी विचारलं की तुमचे आजोबा याला काय म्हणायचे? बराच वेळ वल्हं मारून झाल्यावर उत्तर आलं. “बदकच म्हणायचे. त्यांच्यात दोन प्रकार. खायचं आणि न खायचं.”

हे आजोबा इथले शेतकरी. ज्या पाण्यावरून आम्ही चाललो होतो त्याच्याखाली त्यांची जिरायत. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झालं, जलाशयाला यशवंतसागर नाव मिळालं, काठावरची गावं उठून वर आली आणि शेतकऱ्यांच्या पोरांनी जाळं हातात घेतलं. पुढं पळसदेवचं जुनं देऊळसुद्धा पाण्यातच आहे. पाणी फार उतरलं की दगडी शिखर बाहेर येतं आणि लोक दर्शनाला होडीने, मग चिखलातून चालत जातात. त्या दिवशी ते पाण्याखालीच होतं.

उजनीचं पाणी ही स्वतंत्र गंमत आहे. बाकीच्या धरणांत तळाचं, काढता न येणारं पाणी थोडं असतं. इथे एकूण 117 टीएमसीपैकी 63 टीएमसीहून जास्त पाणी त्या मृतसाठ्यात मोजतात. म्हणून सोलापूरकडच्या माणसाच्या तोंडी ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य उन्हाळ्यात पावसासारखं येतं-जातं. मायनस म्हणजे धरण कोरडं नव्हे. मृतसाठ्याला हात घातला एवढाच अर्थ. शेतकऱ्याला मायनस ऐकून धडकी भरते. पक्ष्यांचा हिशेब नेमका उलटा. कालव्याचं आवर्तन सुटलं, नदीत पाणी सोडलं, की काठ उघडा पडतो. त्या चिखलात किडे, गोगलगायी, शेवाळ, आणि त्यावर पायाच्या लांबीप्रमाणे पंगत बसते. अगदी कडेला बोटभर पाण्यात तुतवार, जरा आत शेकाट्या, त्याच्याही आत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. गेला पावसाळा जोरदार झाला, धरण भरलं, त्यामुळे मार्च उजाडला तरी काठ फारसा उघडलेला नव्हता. सोलापूरची माणसं खूश आणि पंगत छोटी. रोहित आम्ही मोजले, 64.

मोजण्याबद्दल थोडं सांगते, कारण त्यावरून होडीत दरवेळी तोंडातोंडी होते. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजायचे, ते दहा नजरेत केवढी जागा घेतात ते पाहायचं, मग त्या मापाने पुढे सरकायचं. शंभर-दोनशेच्या वर गेलं की शंभराचं माप. डॉक्टर नेहमी गोल आकडा सांगतात. “चारशे धरा.” मी म्हणते, धरा म्हणजे काय? कॅशमध्ये ‘धरा’ नसतं. वारकऱ्यांची त्या दिवशी अशीच वादावादी झाली. वारकरी म्हणजे काळाभोर पाणपक्षी, कपाळावर पांढराशुभ्र ठसठशीत टिळा. हे नाव ज्याला सुचलं त्याला दंडवत. आणि हे वारकरी नेमके भीमेच्या पाण्यावर. इथून सोडलेलं पाणी खाली जातं ते पंढरपुरालाच. जानेवारीत या भागात आम्ही त्यांचा आकडा हजाराच्या घरात लिहिला होता. आता 130. डॉक्टर म्हणाले दीडशे धरा. मी 130 लिहिले.

मग तो प्रसंग घडला. रोहितांपासून लांब आम्ही थांबलो होतो. इंजिन बंद, वल्हं आडवं. सगळे खाली माना घालून, चोच उलटी करून चिखल गाळत होते. मधूनच एखाद्याने पंख उघडून मिटले की आतला शेंदरी रंग काडी पेटावी तसा दिसायचा. तीन-चार राखाडी पिल्लंही होती. त्यांना अजून रंग चढायचा होता. तो रंग खाण्यातूनच येतो. एवढ्यात उजवीकडून दुसरी एक होडी आली, सरळ थव्यावर. त्यात चौघं, चौघांच्या हातात तोफेएवढ्या लेन्स. एक जण उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. चौसष्टच्या चौसष्ट उठले. थोडं अंतर धावत, मग हवेत, लांब मान पुढे, लांब पाय मागे, मधोमध पेटलेली रेघ. कॅमेऱ्यांचा कडकडाट झाला. फार फार सुंदर दिसलं, हे खोटं कशाला सांगू?

आमच्यातले सगळे चिडले. नावाडी पलीकडच्या नावाड्याला काहीतरी बोलला, ते इथे लिहिण्याजोगं नाही. मीही चिडले. पण माझ्या दिवाणखान्यात एक फोटो आहे. अकरा वर्षांपूर्वीचा, मी काढलेला. उडणारे रोहित, मागे सूर्य. पाहुणे पहिल्यांदा आले की त्याच्यापुढे थांबतात. त्या सकाळी टाळी कोणी वाजवली होती ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तेव्हा वाटलं होतं, उडाले तर उडाले, परत बसतील. बसतातही. पण मार्चमध्ये त्यांचा एकेक घास मोजलेला असतो, हे मला मार्च न पाहिल्यामुळे ठाऊक नव्हतं. लांबच्या प्रवासाला निघणारा पक्षी निघण्याआधी काही आठवडे नुसता खातो. काही छोटे पाणपक्षी तर या दिवसांत वजनाने जवळजवळ दुप्पट होतात. ती चरबी म्हणजे वाटखर्ची. टाळी वाजवली की त्यातले थोडे पैसे आपण काढून घेतले. घरी गेल्यावर तो फोटो उतरवावा असं मनात आलं. अजून उतरवलेला नाही.

ऊन चढायला लागलं तसं मला मार्चचा खरा माल दिसायला लागला. थंडीतल्या सहलीत सगळे किनाऱ्यावरचे पक्षी एकाच मापाचे राखी-तपकिरी. पुस्तक उघडून भांडावं लागतं. आता जो तो नटायच्या बेतात होता. पिवळे धोबी खरोखर पिवळे झाले होते, एकाचं डोकं निळसर राखी, दुसऱ्याचं काळं. एकाच बांधावर वेगवेगळ्या मुलुखांचे धोबी शेपूट वरखाली करत चालले होते. कुरव (गल) पक्ष्यांपैकी दोघांच्या डोक्यावर तपकिरी टोपी अर्धवट चढली होती, घाईत बाहेर पडलेल्या माणसासारखी. नावाड्याने एका लांब चोचीच्या पक्ष्याकडे बोट केलं. “ब्लॅकटेल गॉडविट. छाती बघा.” छाती विटकरी व्हायला लागली होती. हा साज आपल्यासाठी नाही. जिथे घर मांडायचं तिथे तो दाखवायचा. आपण फक्त लग्नघराच्या वाटेवरचं स्टेशन.

आणि जे कुठेच जाणार नव्हते त्यांची वेगळी धांदल होती. नदी सुरय मासा चोचीत धरून मादीपुढे मिरवत होता. हळदी-कुंकू बदकांची जोडी, चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकू, काठाच्या गवतात जागा बघत फिरत होती. टिटवीने आम्हाला लांबूनच हाकललं. डिसेंबरात पाहुण्यांच्या गर्दीत या घरच्यांकडे कोणी बघत नाही.

चक्रवाक मात्र डोळ्यांत भरले. नारिंगी अंगाचं, फिकट डोक्याचं हे बदक लडाख-तिबेटकडे घर करतं. संस्कृत कवींनी याला फार रडवलं. दिवसा जोडी एकत्र आणि रात्री शापामुळे नदीच्या दोन काठांवर, एकमेकांना हाका मारत. आम्ही पाहिले ते अकरा होते. पाच जोड्या आणि एक सुटा. बसले होते, पण बसल्यासारखे नव्हते. एक जण मान ताणायचा, आवाज द्यायचा, दुसरा उत्तर द्यायचा, मग सगळे उठून एक मोठी फेरी मारून पुन्हा त्याच जागी. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. कोणी उठवलं नव्हतं, आजूबाजूला शिकारी पक्षी नव्हता. सर याला ‘स्टेशनवरची तगमग’ म्हणतात. गाडीला वेळ आहे, पण माणूस चार वेळा बॅग उचलून ठेवतो तशी. दिवस मोठा होत जातो तो त्यांच्या अंगाला कळतो आणि आत काहीतरी चालू होतं. अशा पक्ष्याला पिंजऱ्यात ठेवलं तरी या दिवसांत तो रात्रीच्या वेळी ज्या दिशेला जायचं त्याच बाजूला उड्या मारत राहतो, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. मी त्या अकरांकडे पाऊण तास पाहत बसले. कॅमेरेवाले कंटाळले. एकाने विचारलं, “काकू, एवढं काय आहे त्यात?” काय सांगणार? दर 31 मार्चच्या रात्री आमच्या शाखेत हीच अवस्था असायची, फक्त उडून जायची सोय नव्हती.

पट्टकादंब एकही दिसला नाही. डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेले हे राजहंस आमच्या वहीचा मानबिंदू. मंगोलिया, तिबेटचं पठार इकडचे. येता-जाता हिमालय ओलांडतात. अंगावर यंत्र लावून पाहिलं तेव्हा सात हजार मीटरच्याही वर उडाल्याची नोंद मिळाली. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही प्राणवायू पकडतं. नऊ फेब्रुवारीला आम्ही 38 मोजले होते. ते नेहमी बसायचे ती उथळ जागा, तिच्या मागचं हरभऱ्याचं रान, पलीकडचा काठ, सगळं पाहिलं. नावाडी म्हणाला, “आठ-दहा दिवस झालं, दिसलं नाहीत.”

होडीत वही काढली आणि पट्टकादंबाच्या ओळीवर येऊन थांबले. उजव्या रकान्यात माझ्याच हाताने पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 9 फेब्रुवारी. सरांनी यंदा बजावलं होतं म्हणून या हंगामात पहिल्यांदाच प्रत्येक फेरीनंतर मी हा रकाना खोडून नवीन तारीख घालत आले होते, कारण न कळता. आता लिहायचं काय? दिसला असता तर खोडून 2 मार्च केलं असतं. दिसला नाही. न दिसण्याला रकाना नाही.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. पहिलं दर्शन होतं तेव्हा ते पहिलं आहे हे तिथल्या तिथे कळतं. आपण ओरडतो, एकमेकांना कोपर मारतो, फोटो टाकतो. शेवटचं दर्शन होत असताना मात्र ते शेवटचं आहे हे कोणालाच माहीत नसतं. नऊ फेब्रुवारीला ते 38 पाहताना मी डब्यातली थालीपिठं वाटत होते, हे मला नीट आठवतं. ती तारीख शेवटची ठरते ती नंतर कोणीतरी पुन्हा तिथे जाऊन, उन्हात बसून, तो पक्षी न पाहिल्यामुळे. आम्ही ज्या ई-बर्ड ॲपवर यादी चढवतो तिथेही शेवटी एक प्रश्न येतो, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत ना? ‘हो’ म्हटलं की यादीत जे नाही तो शून्य धरला जातो. डिसेंबरातल्या दोन गाड्यांनी मिळून जी माहिती आणली, तिच्या उजव्या टोकाची गाठ या नऊ जणांच्या न दिसण्याने बसते. बारा वर्षं सर मार्चमध्ये काय करत होते ते मला तेव्हा कळलं. ते न पाहायला जात होते.

जेवण नावाड्याच्याच घरी. चिलापी मासळी तळलेली, रस्सा, बाजरीची भाकरी. आमच्यातल्या शाकाहाऱ्यांना पिठलं. चिलापीही मूळची इथली नव्हे, बाहेरून आलेली. पण ती परत जायचं नाव घेत नाही, उजनीत आता तिचंच राज्य. वहिनी म्हणाल्या, होळी झाली की तुम्ही लोक येत नाही. मग होडीवर फलक उलटा करून ठेवायचा आणि जाळी काढायची. “हे बरं, ते बरं?” असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “जाळ्याला सकाळी साडेपाचलाच पोहे करून द्यावे लागत नाहीत.”

संध्याकाळी पुण्यात शिरतोय तोवर सरांचा फोन.

“चक्रवाक?”

“अकरा. तगमग चालू आहे.”

“धोबी पिवळे झाले?”

“झाले, सर. एक काळ्या डोक्याचापण होता.”

“आणि पट्टकादंब?”

“गेले.”

पलीकडून जरा वेळ काही नाही. मग शाळेतला आवाज. “गेले म्हणू नकोस. दिसले नाहीत म्हण. गेलेले तू पाहिलेस का?”

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, सर पेन्सिलीचा रकाना पेनाने पक्का करतात. एकेका ओळीत शाईखाली चार-पाच पुसलेल्या तारखांच्या खुणा दिसतात, बोट फिरवलं तर लागतात. फक्त एका वहीत उजवा रकाना अजून पेन्सिलीतच आहे. 2020 ची. सगळ्या ओळींत 15 मार्च, एकाच दिवशी अख्खं पाणी रिकामं झाल्यासारखं. त्यानंतर टाळेबंदी लागली, कोणी गेलंच नाही. मी मागे एकदा सरांना विचारलं होतं, हे शाईने का नाही केलं? ते म्हणाले होते, आपण पुन्हा गेलोच नाही, मग ते शेवटचं कसं?

सोळा मार्चला मी पुन्हा गेले, तेवीसला पुन्हा. तेवीसला आम्ही तिघंच. मी, नवी मुलगी आणि मुलीला बघायला येणारा मुलगा, ज्याच्या गळ्यात आता स्वतःची दुर्बीण होती. नावाड्याने फलक उलटा केलाच होता, तो आमच्यासाठी सुलटा केला. ऊन असं की होडीच्या कडेला हात टेकवत नव्हता. रोहित 20, वारकरी 17. चक्रवाक आधी दिसलेच नाहीत. मग परतताना त्या मुलानेच दाखवले, पार पलीकडच्या काठावर, मृगजळात हलणारे नारिंगी ठिपके. आम्ही तिघांनी वेगवेगळे मोजले आणि तिघांचेही चार आले.

होडीतच वही मांडीवर घेऊन ‘16 मार्च’ खोडलं. कागद त्या जागी आता पातळ झालाय, मागच्या पानावरचं अक्षर दिसतं. फुंकर मारून खोडरबराचा चुरा पाण्यात उडवला आणि लिहिलं, 23 मार्च, 4. मुलगी म्हणाली, “काकू, पुढच्या रविवारी पाडवा आहे.”

मी म्हटलं, गुढी उभारून निघू.